वास फक्त मलाच येत होता

आधीच सांगून ठेवते, मला कोणी वाफ घ्यायला सांगू नये. ओव्याची घेऊन झाली, निलगिरीची झाली, तुळशीची झाली, आणि शेजारच्या काकूंनी उज्जैनहून आणलेल्या कसल्याशा काळ्या वडीचीही झाली. त्या वडीने घरभर असा धूर केला की पडदे धुवावे लागले. आमच्या देवासमध्ये एकाचं नाक वाहिलं की अख्खी कॉलनी डॉक्टर होते. मला तर सर्दी नव्हतीच. जे होतं ते कळायला काही वर्षं गेली, आणि ते कळलं दातांचा फोटो काढणाऱ्या एका मशीनमुळे. नाकाच्या आजाराला दातांचा फोटो, हे ऐकून आमच्याकडे आधी सगळे हसले होते. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल, एकाच बाजूचा गाल जड होत असेल आणि घरात कोणालाच येत नाही असा वास तुम्हाला येत असेल, तर निदान माझ्याइतका वेळ घालवू नका.

उंदीर

सुरुवात वासानेच झाली. मी देवासच्या एका हिंदी शाळेत भूगोल शिकवते. एक दिवस शाळेतून आले, चपला काढल्या आणि सडक्या बटाट्याचा वास आला. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाक वर करून स्वयंपाकघरभर फिरल्या आणि म्हणाल्या, "मला नाही येत." संध्याकाळी अविनाश कारखान्यातून आले, त्यांनाही नाही आला. पण तेव्हा माझ्यावर विश्वास होता. माई म्हणाल्या, उंदीर मेला असणार कुठेतरी. मग रविवारी सगळे डबे खाली, धान्याच्या कोठ्या बाहेर, माळा रिकामा. उंदीर काही सापडला नाही, दिवाळीपासून हरवलेला सोऱ्या तेवढा सापडला. नालीवाल्याला बोलावलं. तो जाळी उचलून, आत टॉर्च मारून म्हणाला, "भाभीजी, नाली तो एकदम साफ है. आपको वहम हो रहा है."

झालं. त्याच्या तोंडून निघालेला तो 'वहम', म्हणजे भास, आमच्या घरात राहायलाच आला. कोणालाच येत नाही म्हणजे वास नाही, हे त्या रविवारी ठरून गेलं.

सोमवारी तोच वास शाळेतही आला. मंगळवारी भाजीबाजारात. तेव्हा कळलं की तो घरात नाही, माझ्यातच आहे. आणि मग मी घाबरले. खरंच घाबरले. मला वाटायचं मी आतून कुजते आहे आणि लोक सभ्यपणाने बोलत नाहीत. स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरली. बोलताना पदर तोंडाशी. वर्गात एखादी मुलगी वही घेऊन जवळ आली की मीच मागे सरकायची. सकाळी उठलं की घशात घाण उतरलेली असायची, वाकलं की उजवा गाल ठणकायचा. आणि घाण येणारी नाकपुडीही उजवीच. सगळं उजवं. हे इतकं सरळ होतं, पण कोणाला दिसलं नाही.

"जमाई खुद डॉक्टर हैं"

देवासच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मैडम, एलर्जी है. धूल से बचिए." देवासमध्ये राहून, खडूने फळ्यावर लिहून धुळीपासून बचायचं कसं, ते मी विचारलं. त्यांनी स्प्रे लिहून दिला. अँटिबायोटिकने आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. पुन्हा रांग, पुन्हा नाकात ती थंडगार चिमटी, पुन्हा "लंबी साँस लीजिए".

आता जे सांगते त्याचा मला आजही राग येतो. त्या डॉक्टरांनी विचारलं होतं. पहिल्याच खेपेला विचारलं होतं, "दाँतों की कोई तकलीफ?"

मी तोंड उघडायच्या आत माई ताठ बसल्या. माई प्रत्येक डॉक्टरकडे माझ्याबरोबर यायच्याच. "हमारे जमाई खुद दाँतों के डॉक्टर हैं, धार में," त्या म्हणाल्या. "इसके सारे दाँत उन्होंने ही देखे हैं."

"अरे वाह," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नावर गेले.

माझी मोठी नणंद, रेखा वन्सं, धारला दिली आहे. त्यांचे यजमान तिथे दातांचे डॉक्टर. आम्ही दोघं त्यांना भाऊजी म्हणतो, माईंचे ते जावईबापू. आमच्या घरात जावईबापूंचा ताट-पाट वेगळा, त्यांना पहिली वाफाळती पोळी, त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही. माईंनी हे आपल्या सासूकडून घेतलं आणि तसंच्या तसं जपलं. वासाच्या आधी साधारण दोन वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धारला गेले असताना माझी वरची उजवी दाढ ठणकली होती. भाऊजींनी तिथेच रूट कॅनाल केलं, वर टोपी बसवली. फार काळजीने केलं, हे मी कबूल करते. दुखणं थांबलं ते थांबलंच. मग त्या दाढेवर शंका कोण घेणार. मीही घेतली नाही. दाढ दुखत नव्हती, आणि जावयाच्या हातचं काम म्हणजे आमच्याकडे देवाच्या हातचं.

त्यानंतर जितके डॉक्टर झाले त्या सगळ्यांनी कधी ना कधी दातांचं विचारलं, आणि माईंनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं.

नाकात बोळे

शेवटी इंदूरला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. सायनस धुऊन काढला म्हणाले. ज्यांचं व्हायचं आहे त्यांना खरं सांगते, ऑपरेशन कळत नाही, कळतात ते नंतरचे बोळे. दोन्ही नाकपुड्या गच्च भरलेल्या आणि तोंडाने श्वास घ्यायचा. ओठ पापडासारखे वाळतात. सिस्टर येऊन दर वेळी म्हणायची, "नाक से मत छींकना." जसं काही मी ठरवून शिंकणार होते. एक आया मात्र न सांगता येऊन ओल्या कापसाने ओठ पुसून जायची. पुसायची आणि पुढच्या पलंगाकडे जायची, एक शब्द नाही. सगळ्या सल्ल्यांच्या गर्दीत मला ती बाई देवमाणूस वाटली.

बोळे काढल्यावर चहाचा वास आला. आल्याचा चहा. मी कप हातात धरून रडले, अविनाश बावरून म्हणाले, "दुखतंय का?"

ते सुख पावसाळाभर टिकलं. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी पोहे परतत होते आणि फोडणीच्या जागी सडका बटाटा. मी गॅस बंद केला आणि ओट्याशी खालीच बसले.

इंदूरचे डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, यावेळी जरा मोठं. देवासला बसमधून उतरून घरी येताना अविनाशनी स्टँडवर ठेवलेली स्कूटर अगदी हळू चालवली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बोलायचं आहे. "रागावू नकोस," ते म्हणाले, "पण हे थोडं मनाचं तर नसेल? मतलब, वास कोणालाच येत नाही. तू विपश्यनेला वगैरे जाऊन बघतेस का?"

मी चामुंडा टेकडीच्या रस्त्यावर उतरले आणि घरी चालत आले. नंतर काही दिवस आम्ही फक्त भाजी काय आणायची एवढंच बोलत होतो. नाकातली घाण मी सहन केली असती. पण बारा-तेरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याने मला वेड्यात काढावं, हे नाही सहन झालं. दुसऱ्या ऑपरेशनची मला भीती नव्हती. ते झाल्यावरही वास राहिला तर मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, याची होती.

माई घरी राहिल्या

ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, हे अविनाशच म्हणाले, बहुतेक त्या स्कूटरवरच्या बोलण्याची भरपाई म्हणून. त्या दिवशी माईंचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या आल्या नाहीत. माझ्या सगळ्या आजारपणात देवाने केलेली ही एक मेहरबानी.

इंदूरचे हे डॉक्टर तरुण होते, जरा घाईतले. त्यांनी जुन्या फाइली बाजूला सारल्या. "एकच बाजू?"

"एकच. उजवी."

"वास तुम्हालाच येतो?"

"फक्त मलाच."

"येणारच," ते म्हणाले. "सायनसमध्ये पू आहे, तो तुमच्या नाकात मागून उतरतो. शेजारच्याला कसा येईल?"

हे वाक्य त्यांनी प्रिस्क्रिप्शनकडे बघत अगदी सहज म्हटलं. मला तिथे त्यांचे पाय धरावेसे वाटले. अविनाश खाली फरशीकडे बघत होते.

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, दातांचा. आणि पहिल्यांदा उत्तर मला द्यायला मिळालं. "वरच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल झालंय," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे या फाइलींत कुठेच नाही."

"दाढ दुखत नाही," मी म्हटलं.

"तिची नस काढलीय, दुखणार कशी? वरच्या दाढांची मुळं सायनसच्या अगदी खाली असतात. जुन्या स्कॅनमध्ये तुमच्या टोपीच्या धातूने सगळं पांढरं करून टाकलंय, आणि बघणाऱ्यांनी नाकच बघितलं. दातांचा थ्रीडी स्कॅन करून घ्या. इंदूरला नवीनच आलाय."

मशीन

मशीनचं काही भय नाही, हे घाबरणाऱ्यांसाठी सांगते. बोगद्यात घालत नाहीत. उभं राहायचं, हनुवटी एका कठड्यावर टेकायची, दातांत एक काडी धरायची आणि हलायचं नाही. एक हात डोक्याभोवती गोल फिरतो आणि संपलं. इतकी वर्षं घालवून, शेवटी उत्तर मिळायला कणीक मळण्याइतकाही वेळ लागला नाही, याचाच मला संताप आला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. माझी दाढ पडद्यावर उभी होती, आणि बाई ती पातळ पातळ कापत चालल्या होत्या, जशी आपण काकडी चिरतो. वरून, बाजूने, पुढून. "साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक येतं," त्या म्हणाल्या. "ही बघा पुढची मुळी. यात दोन नळ्या आहेत, एकीच्या मागे एक. पहिली भरलेली आहे, पांढरी दिसतेय. मागची रिकामी राहिली. समोरून काढलेल्या फोटोत ती पहिलीच्या आड लपते, कोणालाही दिसणार नाही." मग त्यांनी माउस फिरवला. मुळीच्या टोकाशी काळा गोल खळगा, त्याच्यावर सायनसच्या तळाचं हाड खाल्लेलं, आणि वर उजवा सायनस भरलेला. डावा मात्र स्वच्छ काळा, म्हणजे हवेने भरलेला, जसा असायला हवा.

मी त्या खळग्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याला सगळे वहम म्हणत होते ते मटाराएवढं होतं. अविनाशनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंसमोरच म्हणाले, "चुकलो मी."

घरी जाताना बसमध्ये दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि ती नाकाची नव्हती. जावईबापूंना कोण सांगणार?

अधिक महिना

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. त्यांना जेवायला बोलवायचं, ओवाळायचं, अनारशांचं वाण द्यायचं. आणि माईंनी आमंत्रण स्कॅनच्या आधीच धाडलेलं होतं.

माईंनी सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यावर शेक घेत म्हणाल्या, "मशीनचं काय, मशीन चुकतं."

"माई, हाड खाल्लेलं दिसतंय," अविनाश म्हणाले.

"असेल. पण अधिक आहे. नारायणाला जेवायला बोलवून त्याच्या चुका कोणी दाखवतं का? वाण होऊ दे, महिना सरू दे, मग बघू." आणि थोडं थांबून, "दाढ काढायचीच ठरली तर जावईबापू आहेतच. घरचा डॉक्टर सोडून बाहेर गेलीस तर रेखाला तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

म्हणजे त्यांना सांगायचं नाही, पण दाढ त्यांच्याकडूनच काढायची. मी अनारशाचं पीठ मळायला घेतलं. बोलले असते तर तेच फेकलं असतं.

वाणाच्या दिवशी मी अनारसे तळत होते. माई म्हणाल्या, काय सुरेख वास सुटलाय तुपाचा. वन्सं आल्या, त्याही तेच म्हणाल्या. मला सडका बटाटा. एका खेपेला तूप जास्त तापून पहिला घाणा करपला, तेही मला धूर दिसल्यावर कळलं. भाऊजी पाटावर बसले, ओवाळून झालं, वाण दिलं. मी वाढत होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वहिनी, ऑपरेशनची तारीख काय मिळाली?"

अविनाश वरणाकडे बघायला लागले. माई म्हणाल्या, "जेवा आधी, अनारसा घ्या अजून."

माझा संयम तिथे संपला. हातातली वाटी खाली ठेवली, कपाटातून स्कॅनची सीडी आणली आणि म्हटलं, "भाऊजी, जेवण झालं की हे बघा. महिना सरायची वाट मी नाही बघणार. माझं नाक आहे."

माईंनी डोळे मिटले.

भाऊजी जेवण अर्धं सोडून उठले. आमच्या मुलाच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर ते सीडी बघत बसले. माउस पुढे, माउस मागे. पुन्हा पुढे. त्या खळग्याशी आले की थांबायचे. आम्ही सगळे मागे उभे. वन्सं म्हणाल्या, "अहो, काय आहे त्यात?"

"चौथी नळी," ते म्हणाले. "दाढेत तीन भरल्या, ही मागे लपलेली मला दिसली नव्हती."

"मशीन चुकलं असेल," माई म्हणाल्या.

"माई, मशीन नाही चुकलं." त्यांनी खुर्ची वळवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. "वहिनी, तुम्ही इतके डॉक्टर केलेत. कोणी मला एक फोन का नाही केला?"

याचं उत्तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माई ताटं उचलायला गेल्या. वन्सं मात्र त्या दिवशी अनारशांचा डबा न घेताच धारला गेल्या, आणि गौरी-गणपतीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला भर पंगतीत बोलले म्हणून. मला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप नाही झाला.

खुर्चीत

दाढ वाचवता येईल का हे आधी बघितलं. मुळी फार खाल्ली गेली होती. भाऊजी फोनवर म्हणाले, "मी नाही काढणार. सायनसचा तळ उघडा आहे, हे सर्जनचं काम. पण मी येतो, तुमची हरकत नसेल तर."

माझी हरकत कशाला असेल. ते पहाटेच्या बसने धारहून इंदूरला आले आणि माझ्या डोक्याशी मास्क लावून उभे राहिले. भूल दिली होती, दुखत काही नव्हतं, पण हाडात कुरकुर होते ती ऐकू येते, तेवढी तयारी ठेवा. सर्जन आमच्या भागातली मालवी बोलीच बोलत होते, आपल्या माणसांशी बोलावं तसं. एकदा जोरात दाब आला, मग एकदम हलकं.

आणि सर्जन थांबले. भाऊजी एक पाऊल मागे सरकले. मास्क दोन्ही हातांनी नाकावर घट्ट दाबला, मग मास्कमधूनच हळूच म्हणाले, "वहिनी, वास येतोय."

तोंडात कापूस होता, मला बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते कानापर्यंत गेलं. भाऊजी दाराशी गेले आणि बाहेर बसलेल्या अविनाशना म्हणाले, "अरे, आत ये जरा. ये आणि वास घे."

त्यांनी तसं करायला नको होतं, सर्जन रागावलेही. पण अविनाश आले, दारातच थबकले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. या सगळ्या वर्षांत माझ्यासाठी कोणी केलेली यापेक्षा मोठी गोष्ट मला आठवत नाही.

मोठं ऑपरेशन टळलं. जागा शिवली, गोळ्या चालल्या, काही आठवडे नाक शिंकरायला बंदी होती. नंतरचा स्कॅन मी मुद्दाम माईंना दाखवला. दोन्ही सायनस काळे. माई म्हणाल्या, "काळं म्हणजे चांगलं?" मी म्हटलं, हो. त्यांना ते पटलं नाही. भाऊजी आता अवघड दाढ आली की पेशंटला आधी इंदूरला फोटोला पाठवतात, आणि तुमचं नाक कसं आहे हेही विचारतात, असं वन्संनीच मला सांगितलं.

परवा दुपारी मी वह्या तपासत बसले होते. माई पलीकडे वाती वळत होत्या. मी मान वर केली आणि म्हटलं, "माई, काहीतरी करपतंय."

माईंनी नाक वर केलं. बराच वेळ हुंगलं. "मला नाही येत," त्या म्हणाल्या.

मग हातातला कापूस बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पण तुला येतोय ना," म्हणाल्या, आणि गॅस बंद करायला गेल्या.